नाव मालनबाईचं होतं

मी रक्त तपासायची काचपट्टी बोलतेय. दवाखान्यात मला स्लाइड म्हणतात. मी पारदर्शक आहे, म्हणून माझं म्हणणंही तसंच स्वच्छ असेल असं समजू नका. जे घडलं ते मनाशी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं, तरी शंका जात नाही. यात माझा दोष किती?

शहात्तर साली मी भोकरदन तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात आले. सरकारनं तेव्हा आरोग्य खात्याची घडी नव्यानं बसवली होती. हिवतापाचा माणूस वेगळा, देवीचा वेगळा, कुटुंब नियोजनाचा वेगळा, हे बंद झालं. एकानंच सगळं पाहायचं. देवी टोचणाऱ्या पुंजारामांकडे पाच गावं आणि सात वह्या आल्या.

कंपाउंडर संपत म्हणायचा, "भाऊ, आदुगर तुम्ही निस्ते देवीचे डॉक्टर होते. आता समद्याच देवांचे झाले."

पुंजाराम हसायचे. पुढे हसेनासे झाले.

श्रावणात केदारखेड्याकडचा भिवा आला. त्याची बायको मालनबाई सात महिन्यांची गरोदर होती आणि तिला दिवसाआड थंडी वाजून ताप येत होता.

"साहेब, तिसऱ्यांदा आलो. तिला उठवत न्हाई. घरी येऊन रगत घ्या."

"पाच गावं करून राह्यलो, भिवा. उद्या बिलकुल येतो."

"काल बी उद्याच म्हणल्ते."

दुसऱ्या दिवशीही पुंजाराम गेले नाहीत. महिनाअखेर होती आणि ठरवून दिलेल्या आकड्याला सहा स्लाइडी कमी पडत होत्या. त्यांनी दार लोटलं, स्वतःच्याच बोटाला सुई टोचली आणि सहा काचांवर थेंब घेतले. चौथी मी. वहीत माझ्या नंबरापुढे नाव चढलं, मालनबाई भिवा. मी काहीतरी करायला हवं होतं, असं आता वाटतं. काचेला फक्त तडकता येतं. मला तेही जमलं नाही.

बारा दिवसांनी प्रयोगशाळेचं उत्तर आलं, निगेटिव्ह. भिवा औषधाला आला तेव्हा संपतनं वही पुढे केली. "तिला हिवताप न्हाई. दुसरं काही असंल."

"पण रगत घेतलं कवा?"

"वहीत लिवलंय की."

भिवा गोळ्यांवाचून परतला. पाचव्या दिवशी मालनबाई गेली, पोटातल्या लेकरासकट.

हिवाळ्यात, नवी घडी कशी चालली आहे हे पाहायला तपासणी पथक आलं. प्रमुख होते अण्णासाहेब. फार शिकलेले, भले, लिहिलेली ओळ दोनदा वाचणारे. दहातली एक स्लाइड पुन्हा तपासायची होती. त्यात मी निघाले. त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ पाहिलं. पुंजाराम भिंतीशी मान खाली घालून उभे होते.

"निगेटिव्हच आहे," अण्णासाहेब म्हणाले. "प्रयोगशाळेचं वाचन बरोबर."

भिवा दारात होता. "साहेब, आमच्या घरी सुई घेऊन कुणी आलंच न्हाई. मंग तिचं रगत काचंवर कुठून आलं? एवढं लिवा तुमच्या कागदात."

अण्णासाहेबांनी तक्ता उलटून पाहिला. वाचन बरोबर की चूक, एवढाच रकाना होता. रक्त कुणाचं, हा नव्हता.

"हे आमच्या तपासणीत बसत नाही," ते हळू म्हणाले. "वेगळा अर्ज द्या."

"तीन दिले. रकान्यात बसत न्हाई तर समासात लिवा."

लेखणी समासापर्यंत गेली आणि थांबली. मग रकान्यात 'अचूक' असा शब्द पडला, खाली सही झाली.

तपासलेल्या काचा धुऊन परत वापरतात. केंद्रात साफसफाई करणाऱ्या गोजरबाईंनी मला सोड्याच्या पाण्यात घासलं, फडक्यानं पुसलं. आता मी कोरी होऊन, कागदात गुंडाळलेली, पुंजारामांच्या पिशवीत आहे. अहवालात आमचं केंद्र चांगल्या केंद्रांत मोजलं आहे म्हणतात.

तपासायला येणाऱ्यांना माझी विनंती आहे. मला उजेडाकडे धरण्याआधी केदारखेड्याची वाट धरा. फार लांब नाही. भिवाचं घर कुणीही दाखवेल. तिथं बसा, आणि त्याला एवढंच विचारा, इथं कुणी आलं होतं का?