फुंक्या

"डॉक्टर, तुमच्या दवाखान्यातला एखादा हातमोजा आहे का जवळ?" गॅरेजवाल्याने विचारलं.

दातांचे डॉक्टर बुचकळ्यात पडले. आपण गाडी दाखवायला आणली आणि हा माणूस मोजा मागतोय. पण बॅगेत मोजे होतेच, त्यांनी एक काढून दिला. गॅरेजवाल्याने इंजिनवरचं तेल ओतायचं झाकण उघडलं, त्या तोंडावर पातळ रबरी मोजा ताणून बसवला, दोरीने करकचून बांधला आणि गाडी चालू करायला सांगितली. मोजा आधी नुसता थरथरला. मग एकेक बोट भरत गेलं आणि पाची बोटं वर करून तो ताठ उभा राहिला.

"हा आत ओढला जायला पाहिजे होता," तो म्हणाला. "पिस्टनच्या कडेने थोडी वाफ, थोडा धूर नेहमीच खाली तेलात उतरतो. त्याला बाहेर पडायला वाट लागते. तुमच्या इंजिनाचा श्वास कोंडलाय."

गाडी पिवळीधमक, दोन सीटची. डॉक्टरांनी हौसेने तिला इंजिनात जोराने हवा कोंबणारा टर्बो बसवून घेतला होता आणि तेव्हापासून सहा महिने ती तेल ओकत होती. मागून निळा धूर. एकदा तर तेल मोजायची पट्टी उसळून बॉनेटवर आपटली होती. तीनदा ऑइल सील बदलून झाले होते.

"आता ते म्हणतात पिस्टनच्या रिंगा गेल्या, पूर्ण इंजिन खोलावं लागेल."

"कोण म्हणतं?"

"चौकातले. त्या मोठ्या गॅरेजचे मालक. स्वतःच्या हाताने बसवलंय त्यांनी सगळं."

गॅरेजवाल्याला ते आधीच कळलं होतं. नळ्यांवरच्या सगळ्या क्लिपांचे स्क्रू एका दिशेला, एका रेषेत. असं काम गावात एकच माणूस करायचा, त्याचे दाजी. त्यांच्याच हाताखाली तो अकरा वर्षं राबला होता, आणि त्यांच्याशी, त्यांच्यामुळे ताईशीही, बारा वर्षं एक शब्द बोलला नव्हता.

त्याने सिलिंडरमधला दाब मोजला. रिंगा ठणठणीत होत्या. मग इंजिनातून हवेच्या पाइपाकडे जाणारी नळी सोडवली आणि तिच्या मधला अंगठ्याएवढा व्हॉल्व्ह काढला. हवा एकाच दिशेने सोडायची, एवढंच त्याचं काम. बाजारातल्या या व्हॉल्व्हवर बाण नसतो, तोंडाने फुंकूनच दिशा ठरवायची; तोंडाला कळतं ते यंत्राला कळत नाही, हा दाजींचा नियम. त्याने फुंकलं आणि त्याचा हात थांबला. व्हॉल्व्ह उलटा बसवला होता. टर्बोची हवा आत शिरत होती, आतला धूर बाहेर पडत नव्हता, आणि दुसरी वाट दाजींनी टर्बो लावताना बूच मारून बंद केली होती.

त्याला इतका आनंद झाला की त्याची त्यालाच लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

कारण बारा वर्षांपूर्वी त्याने हीच चूक केली होती. गिऱ्हाइकाचं इंजिन सगळं तेल सांडून जाम झालं. दाजींनी त्याला आठ-दहा गिऱ्हाइकांसमोर उभं केलं, व्हॉल्व्ह हातात दिला आणि म्हणाले, "फुंक. आता दुसरीकडून फुंक. परत फुंक." तोंड लालबुंद होईपर्यंत. "तोंडाला कळलं ना? मग हाताला का नाही कळलं?" सगळे हसले. शेजारच्या स्पेअर पार्टवाल्या तात्यांनी त्याला तिथल्या तिथे नाव ठेवलं, फुंक्या. त्याने स्वतःचं गॅरेज काढलं, बोर्ड रंगवला, केस पिकले, तरी बाजारात तो फुंक्याच राहिला. बायकोच्या माहेरीसुद्धा ते नाव पोचलं होतं. चूक खरोखरच त्याची होती, हे त्याला सगळ्यात जास्त खुपायचं.

"डॉक्टर, गाडी परवा न्या," तो म्हणाला. "एक अट आहे. गाडी न्यायला तुमच्यासोबत ते चौकातले मालक आले पाहिजेत. रिंगा शाबूत आहेत म्हणावं, येऊन बघा."

"येतील ते?"

"खरे कारागीर असतील तर येतील."

दोन दिवस त्याने गॅरेज झाडलं. तात्यांना मुद्दाम चहाला बोलावलं, तात्यांनी आणखी चारजणांना आणलं. टेबलावर स्वच्छ फडकं अंथरून त्याने तो व्हॉल्व्ह मधोमध ठेवला. काय बोलायचं ते त्याने आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं.

डॉक्टर आणि दाजी टॅक्सीतून आले. सोबत ताई होती, पण ती दारातच थांबली. दाजी बारीक झाले होते. रस्त्यापासून टेबलापर्यंत पंचवीस पावलं असतील, तेवढ्यात दोनदा थांबले. रुबाब दाखवतायत, असं त्याला वाटलं.

"रिंगा ठीक आहेत म्हणे," दाजी म्हणाले.

"हो. हा तुमचा व्हॉल्व्ह. फुंका."

दाजींनी व्हॉल्व्हकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "कॉम्प्रेसर आहे ना तुझ्याकडे? त्याची हवा मार की."

"तोंडाला कळतं ते यंत्राला कळत नाही. तुमचंच वाक्य आहे, दाजी. फुंका."

ताई दारातून म्हणाली, "अरे..."

दाजींनी व्हॉल्व्ह ओठांना लावला. गाल फुगले, मानेची शीर वर आली. हवा गेली नाही. त्यांनी तो फिरवला आणि दुसरीकडून फुंकलं. तरी काही नाही.

"दोन्हीकडून बंद आहे," ते म्हणाले. "व्हॉल्व्हच खराब आहे."

त्याने तो त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावला आणि फुंकला. हवा सुर्रकन पलीकडे गेली. उलटा करून फुंकला, हवा अडली. "ही बघा वाट. ही बघा बंद. तुम्ही उलटा बसवलात. आणि डॉक्टरांना सांगितलंत रिंगा गेल्या."

तात्यांनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे आता फुंक्या कोण रे?" सगळे हसले. बारा वर्षं त्याला हेच हवं होतं, अगदी याच आवाजात.

दाजी हसले नाहीत, चिडलेही नाहीत. त्यांनी पिवळ्या बॉनेटवर दोन्ही हात टेकले आणि नुसते उभे राहिले. खांदे वरखाली होत होते. घशातून बारीक शिट्टी येत होती. तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. दाजींनी बसवण्याआधी फुंकून पाहिलं होतं, स्वतःचा नियम पाळला होता. पण श्वासात जोरच नसल्याने त्यांना दोन्ही बाजू बंदच लागल्या, आणि त्यांनी अंदाजाने बसवला.

ताई आत आली. तिने दाजींच्या काखेत हात घातला. "दोन वर्षं झाली," ती त्याला म्हणाली. "रंगाच्या धुराने छाती गेली. कुणाला सांगू नकोस म्हणाले, गिऱ्हाईक तुटेल." मग म्हणाली, "झालं तुझं समाधान?"

त्याला म्हणायचं होतं, मला माहीत नव्हतं. पण माहीत असतं तर बोलावलं नसतं, असं त्याला छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं. ताई दाजींना धरून बाहेर घेऊन गेली. टॅक्सी गेली. त्याने बूच काढलं, व्हॉल्व्ह सुलटा बसवला आणि डॉक्टर गाडी घेऊन गेले, धुराचा मागमूस नव्हता.

बाजाराला नवीन खेळणं मिळालं. पंधरा दिवसांत फुंक्या म्हणजे चौकातले मालक, असं ठरून गेलं. त्याला लोक आता शेठ म्हणू लागले. त्या हाकेला वळायला त्याला क्षणभर उशीर व्हायचा.

एका सकाळी तो तात्यांच्या दुकानासमोरच्या फुटपाथवर बेअरिंग निवडत उभा होता. पलीकडून दाजी येत होते, एकटेच, भिंतीला हात लावत, दर चार पावलांनी थांबत. दुकानाच्या पायरीवरून तात्या ओरडले, "ए फुंक्या!"

दाजी थांबले. काहीतरी उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं, पण आधी श्वास घ्यावा लागणार होता आणि तो येत नव्हता. पायरीवरचे सगळे वाट बघत होते.

"ओ," तो मोठ्याने म्हणाला. हातातलं बेअरिंग खाली ठेवून तो पुढे झाला. "बोला तात्या, काय काम होतं?"

तात्या त्याच्याकडे बघत राहिले. त्याच्या मागून दाजी भिंत धरून हळूहळू पुढे निघून गेले.