पत्रीतला धोत्रा

गणपतीला एकवीस पत्री वाहायच्याच, हा रमणचा हट्ट. मस्कतमध्ये बारा वर्षं एसी दुरुस्त करताना त्यानं दरवर्षी दूर्वा आणि तुळशीवर देवाची बोळवण केली होती, आणि देवानंही कधी तक्रार केली नव्हती. पण त्या वर्षी अल खौदपलीकडे वादीच्या, म्हणजे तिथल्या ओढ्याच्या, कोरड्या पात्रात त्याला धोत्रा दिसला, जवळच डोरली दिसली, आणि गडी हरखला. कणकवलीच्या परसात उभा असल्यासारखं त्यानं पिशवीभर कोवळे शेंडे खुडले.

त्याची लेक रेवा नववीत होती. तिनं पिशवीत डोकावून सांगितलं, "पप्पा, ब्रिंजल, टोमॅटो, चिली, आणि हे... सगळं सेम फॅमिली. पण हे पॉयझन आहे."

"देवाला वाहायचंय बाय, खायचं थोडंच आहे!" रमण हसला.

पूजा झाली. उरलेला धोत्रा दुसऱ्या दिवशीसाठी ओल्या फडक्यात गुंडाळून त्यानं फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवला, माठाच्या जुडीला लागून. बायकोला सांगायचं तेवढं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. जयवंती गिरगावातल्या चाळीत वाढलेली. पत्री म्हणजे बाजारातून बांधून येणारा जुडगा, एवढीच तिची ओळख. ऋषीच्या भाजीसाठी तिनं कप्प्यातला सगळा पाला चिरला. एरवी दहादा मीठ चाखणारी बाई, पण नैवेद्य दाखवायच्या आधी बोटसुद्धा जिभेला लावायची नाही.

"भाजी कडू लागतेय गं," रमण म्हणाला.

"प्रसादाला नावं ठेवू नका."

रेवानं नाक मुरडून नूडल्स करून घेतले. रमणनं दोन घासांवर ताट सरकवलं, तेव्हा त्याच्या पानातलं जयवंतीनंच संपवलं. प्रसाद टाकणार कसा?

तासाभरात तिच्या घशाला कोरड पडली. चेहरा लालबुंद झाला. मग ती भिंतीवरची नसलेली फुलं वेचू लागली आणि रमणलाच 'दादा' म्हणून हाका मारू लागली. रमणनं गार पाण्यासाठी फ्रिज उघडला. खालच्या कप्प्यात फडकं रिकामं पडलं होतं. तो तसाच जिन्यानं खाली धावला.

खालच्या मजल्यावरच्या राजापूरच्या सिराजनं गाडी काढली. वाटेत तो एकच सांगत होता, "वैनीनी काय खाल्लाय ता डॉक्टरला सरळ सांग हां. काय लपवू नको."

रमण सांगणारच होता. पण इस्पितळात ओमानी डॉक्टरीणबाईंनी मोडक्या हिंदीत विचारलं, "क्या खाया? दवाई? कुछ जहर?" त्या शेवटच्या शब्दानं त्याची बोबडी वळली. आदल्या वर्षी कंपनीतल्या एकाला कसल्याशा पाल्याच्या पुडीवरून पोलिसांनी उचललं होतं आणि महिन्याभरात विमानात बसवलं होतं. विषारी पाला आणला कोणी? मी. बायकोला घातला कोणी? नोकरी गेली, व्हिसा गेला, आणि वर तुरुंग.

"कुछ नहीं, मॅडम. उपवास था."

"पप्पा, त्या लीव्ह्ज..." रेवा पुढे झाली.

"गप्प!" त्यानं तिचं मनगट आवळलं. इतकं, की पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

रमण वाईट माणूस नव्हता. भित्रा होता, आणि त्या दिवशी तेवढं पुरलं. डॉक्टर मेंदूच्या तापाच्या तपासण्या करत राहिले. दीड तास गेला. जयवंतीचा ताप चढत गेला, तिला झटके येऊ लागले, तेव्हा कुठे त्यानं डॉक्टरीणबाईंचे पाय धरले आणि सगळं ओकून टाकलं. बाई त्याला ओलांडून आत धावल्या. औषध होतं त्यांच्याकडे, लगेच दिलंही. पण जयवंतीचं हृदय तोवर थकलं होतं. संध्याकाळी पाच वाजता ती गेली.

ज्यांची भीती होती ते पोलीसही आले. वयस्क हवालदारानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, रमणला पाणी दिलं. "ये तो हादसा है, भाई," तो म्हणाला. "इसमें तुम्हारा क्या गुनाह? पहले बोल देते, तो भी हम कुछ नहीं करते."

रमणनं मान वर केली. रेवा सिराजच्या बाजूला बसली होती. तिला हिंदी चांगली कळत होती.

"मी सांगणार होते," ती म्हणाली.