गुलाबी पाणी

भोकरदनच्या दवाखान्यातल्या बाळांसाठी आम्ही गोधड्या आणि टोपडी शिवून फुकट देतो. टोपड्याच्या अस्तराचा उरलेला तुकडा मी वाटीत ओला करून मशीन पुसायला घेतला, तर वाटीतलं पाणी गुलाबी झालं.

"खाला, हे कापड कुठलं?"

"बियाण्याच्या थैल्यांचं. माझ्या अतिकनं जालन्याहून आणल्त्या. लई मऊ हाय," ताहेराखाला म्हणाल्या.

बियाण्याला कीड लागू नये म्हणून रंगीत विषारी औषध चोळतात. रसायनशास्त्रात ते मी शिकले होते.

"धुतलं होतं ना?"

"बराबर दोन पाण्यानं. कालेजात जाऊन तू लईच शंका काढायली बघ."

मी वाटी पुढे धरली. खालांचं हसू थांबलं.

"सकाळी बेबीनंदा एक टोपडं दवाखान्यात घेऊन गेल्ती. नातीसाठी."

नात कालच जन्मलेली. एवढ्या कोवळ्या डोक्याला घाम आला की औषध थेट कातडीत उतरणार. मी बेबीनंदामावशीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

"हळू बोल गं, आत्ताच झोपली."

"मावशी, टोपडं घातलंय का?"

"घातलंय की. काय गोड दिसून राह्यली!"

खालांनी फोन ओढला. "बेबी, जल्दी काढ ते! कापडात औषध राह्यलं. सिस्टरला सांग, डोकं धुवून डाक्टरला दाखव. माझीच चूक हाय."

पलीकडे धावपळ झाली, मग काहीच नाही. खाला फोन कानाला घट्ट दाबून उभ्या होत्या. शेवटी बाळाचं रडणं ऐकू आलं, मोठं, खणखणीत.

"रडू दे," खाला पुटपुटल्या आणि उरलेली टोपडी कात्रीनं कापू लागल्या.