बिल्ल्याची शेळी

शुक्रवारी माझ्या बहिणीचे, शालूचे, डोळे पिवळे दिसले. सातवा महिना लागलेला, बाळंतपणाला माहेरी आलेली. मी म्हणालो, दवाखान्यात नेऊ. आमच्या आईनं, कस्तुराबाईनं, कपाळावर हात मारला.

"इंग्रजी औषधानं कावीळ उलटती, माहीत नाय का तुला? मंगळवारी अप्पारावकडं नेऊ. तीन मंगळवार हात धुतले की उतरती."

कावीळ उलटते म्हणजे नेमकं काय होतं, हे आईला माहीत नव्हतं. गावात कोणालाच माहीत नव्हतं. ज्याला काय होतं ते माहीत नाही, त्याची भीती मात्र घराघरात भरपूर. तोवर शालूचं मीठ बंद, तेल बंद, हळद बंद. हळद का, तर पिवळी म्हणून! वडील, मुंजाबा, मेंढरं घेऊन रानात गेले. कठीण प्रसंगी ते रानातच असतात.

शालू घाबरलेली होती. "दादा, बाळाला काय होणार नाय ना?" एवढंच विचारत होती.

मी शेंद्रा एमआयडीसीतल्या कंपनीत सुटे भाग तपासतो. खोट निघाली की तो भाग बाजूला काढायचा, हे माझं काम आणि माझा स्वभावही. अप्पारावची खोट मला माहीत होती. त्याच्या दारातल्या आंब्याची साल खालून हातभर सोललेली आहे. सालीचा रस तळहातांना, चुना पाण्यात. दोन्ही भेटले की पाणी पिवळं. संपलं शास्त्र. पण अप्पाराव एक रुपया घेत नाही, म्हणून तो खोटं बोलणार नाही असा गावाचा हिशोब. फुकट फसवणाऱ्यावर आपल्याकडे फार विश्वास.

मंगळवारी अप्पारावच्या ओट्यासमोर तीस-चाळीस माणसं होती. त्यानं शालूचे हात आपल्या हातांत घेऊन चोळले, परातीत धुतले. पाणी पिवळंजर्द. बायांनी हात जोडले.

मी याचीच वाट बघत होतो. मागं बांधलेली आमची चंद्री पुढं ओढली. चंद्री म्हणजे सरकारी योजनेत मिळालेली शेळी, कानात पिवळा बिल्ला, विमा उतरवलेली.

"अप्पाराव, आता हिचे पाय धुवा. पाणी पांढरं राहिलं, तर पुढचे दोन्ही मंगळवार मी स्वतः शालूला घेऊन येतो."

लोक हसले. अप्पाराव हसला नाही. पण एवढ्या माणसांपुढं नाही कसं म्हणणार? त्यानं नव्या पाण्यात चुना टाकला, चंद्रीचे खूर चोळले. परात पिवळी झाली.

मी छाती काढून सगळ्यांकडे पाहिलं. आता पेटतील डोक्यातले दिवे, असं मला वाटलं. तेवढ्यात पुढच्या रांगेतली सरूबाई किंचाळली, "आगं बाई! शेळीला बी हाय की कावीळ!"

संध्याकाळपर्यंत अप्पारावच्या दारात अकरा शेळ्या, दोन बोकड आणि एक कालवड बांधलेली होती.

आई मात्र रांगेत थांबली नाही. ती तडक घरी आली आणि मला म्हणाली, "फोन लाव जनावराच्या डॉक्टरला."

"कशाला? दोन मंगळवार राहिलेत की चंद्रीचे."

"बिल्ल्याची शेळी हाय ती! काय झालं तर सरकार इचारन, डॉक्टरला का नाय दाखवलं. तिच्यात धोका नको."

शालू दारातच बसली होती. तिनं ऐकलं. तिच्या कानात बिल्ला नव्हता.

बुधवारी सकाळी जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी मागं आमची चार मेंढरं मरता मरता वाचवली होती, त्यामुळं त्यांचा शब्द आईसाठी शेवटचा. त्यांनी चंद्रीची पापणी खाली ओढून पाहिली. "ठणठणीत आहे," म्हणाले. मग पाणी घेऊन आलेल्या शालूकडे बघत राहिले.

"हिला कधीपासून आहे हे?"

"तिचं चालू हाय की, अप्पारावकडं," आई म्हणाली.

"मावशी, मी जनावरांचा डॉक्टर. पण गाभण शेळीचे डोळे असे दिसले असते, तर मी तुम्हाला चहासुद्धा टाकू दिला नसता. आत्ताच्या आत्ता घाटीत न्या."

आईनं चुलीवरचं आधण तसंच खाली उतरवलं.

घाटी म्हणजे शहरातला सरकारी दवाखाना. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधी दिसलं?"

"शुक्रवारी."

"आज बुधवार. मधले दिवस काय केलं?"

"हात धुतले," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं मी रोज खोट निघालेले भाग बाजूला काढतो. आणि त्यांचं बरोबर होतं. शुक्रवारीच शालूला गाडीत घालून आणलं असतं, तर आई चार दिवस रडली असती, बस. पण मला आधी अख्ख्या गावापुढं जिंकायचं होतं. त्यासाठी मीही मंगळवारच गाठला होता.

निदान निघालं: घाण पाण्यातून येणारी कावीळ, गरोदरपणात जिवावर बेतणारी. आमच्या नळाचा पाइप गटारातून येतो. ग्रामपंचायतीला अर्ज दिला, तर नळावर पाटी लागली: पाणी उकळून प्या. पाइप गटारातच आहे.

सतरा दिवसांनी शालू घरी आली. पोटातलं बाळ लाथा मारत होतं. आई भाकरीचा तुकडा घेऊन दारात उभीच होती. तो तिनं शालूवरून ओवाळला आणि तसाच चंद्रीलाही ओवाळला. "हिनंच कावीळ अंगावर घेतली गं. हिच्यामुळंच वाचलीस."

मी तोंड उघडलं. शालूनं माझा हात धरला.

"गप ऱ्हा, दादा. खरंच हाय की. तिच्यासाठी डॉक्टर आला, म्हणून मी वाचले."

मी आईच्या हातातला तुकडा घेऊन चंद्रीपुढं धरला. चंद्रीनं भाकरी खाल्ली.