एकही वाचक सोडून गेला नाही

बुवाला मतं होती. मतं असणं हा काही गुन्हा नाही. कुणाला संधिवात असतो, कुणाला मतं असतात. पण संधिवातवाला दर सोमवारी सकाळी चारशे बारा लोकांना आपला गुडघा पाठवत नाही.

बुवा वेबसाइटी बनवायचा. ऑफिसात त्याला बुवा म्हणत, कारण चहाच्या मशीनपाशी कुणी 'ही कंपनी बरी आहे हं' एवढं म्हणायचा अवकाश, की याचं प्रवचन सुरू. 'कंपनी जेव्हा आपण सगळे एक कुटुंब म्हणते, तेव्हा ओळखावं, पुढच्या महिन्यात कुटुंबातले दोनशे जण घराबाहेर.' 'बटणांचे कोपरे गोल झाले, म्हणजे वर नवा साहेब आला.' 'नावापुढे एआय लावलं, म्हणजे विकायला दुसरं काही उरलेलं नाही.' असं काही बोलून झालं की तो क्षणभर थांबायचा, समोरच्याला पचावं म्हणून. समोरचा तेवढ्यात कप धुवायला पळायचा. सहा वर्षांपूर्वी ऐकणारे फारच कमी पडायला लागले, तेव्हा त्याने ईमेलने पत्र सुरू केलं. पत्राचं नाव 'स्पष्टच सांगतो'.

पत्रात त्याचा खास राग होता तो ग्राहकाला अडकवून ठेवणाऱ्या कंपन्यांवर. आत यायला एक बटण आणि बाहेर पडायला सात पानं, वर 'खरंच जाताय?' म्हणून रडका चेहरा. 'ग्राहक गप्प आहे म्हणजे खूश आहे असं समजणारी कंपनी बुडते,' हे तर त्याचं लाडकं वाक्य. आता दिवसा ऑफिसात तो एका बुटांच्या दुकानाच्या साइटवर मध्येच उघडणारी जी जाहिरातीची खिडकी बनवत होता, तिच्यावर 'नको, मला फाटके बूटच आवडतात' असं बटण होतं, त्याबद्दल त्याचं मत कुणी विचारू नये. पोट सगळ्यांनाच असतं.

पण एका गोष्टीचा त्याला खरोखर अभिमान होता. सहा वर्षांत एकही वाचक पत्र सोडून गेला नव्हता. एकही. मोठमोठ्या कंपन्यांना जे जमलं नाही ते याला जमलं, ते केवळ सचोटीच्या जोरावर, असं तो मानायचा. त्याच जोरावर त्याने ठरवलं की नोकरी सोडायची आणि पत्राला वर्गणी लावायची. एवढी निष्ठावान माणसं, निम्मी तरी देतीलच. दोन महिन्यांपूर्वी जेवताना त्याने हे बायकोला सांगितलं. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती, दिवसभर रक्ताच्या नमुन्यांशी गाठ. ती 'बरं' म्हणाली आणि ताटं उचलायला लागली. बुवाने तो होकार धरला आणि राजीनामा लिहून ठेवला. तो आता येत्या शुक्रवारी द्यायचा होता.

त्या आठवड्यात बुधवारी त्याची दाढ ठणकायला लागली.

दाताचे डॉक्टर ओळखीचे. त्यांच्या दवाखान्याची साइट बुवानेच बनवली होती, आणि तेव्हा भिडेखातर त्यांनी पत्राच्या यादीत नाव दिलं होतं.

"तोंड उघडा. अजून. हं," डॉक्टर म्हणाले. "बरं झालं आलात. तुमच्या त्या सोमवारच्या पत्राबद्दल बोलायचंच होतं."

बुवाच्या तोंडात कापसाचे दोन बोळे, आरसा आणि लाळ ओढणारी नळी होती. तरी त्याने कौतुक ऐकायला साजेसा चेहरा केला.

"मी अकरा वेळा बटण दाबलं हो. ते खाली असतं ना, 'यादीतून नाव काढा', ते. दर वेळी येतं, 'तुमचं नाव काढलं आहे, तुमची आठवण येईल.' आणि सोमवारी तुम्ही परत हजर. जरा डावीकडे वळा."

"आं," बुवा म्हणाला.

"राग नाही बरं का. लिहिता छान. आमच्या हिनेही नऊ वेळा दाबलं. मग आम्ही म्हटलं, असेल यांची पद्धत. त्या मोठ्या कंपन्या नाही का करत?"

जगात कशावरही बोलणारा हा माणूस, आणि नेमकं बोलायची वेळ आली तेव्हा तोंडात मशीन गरगरत होतं. दुखतंय का, असं डॉक्टरांनी विचारलं. त्याने मान हलवली. डॉक्टरांनी सुई अजून थोडी टोचली.

अर्धा गाल बधिर, तशा अवस्थेत तो घरी आला आणि रजा टाकून संगणकापुढे बसला. पत्र पाठवायची सगळी यंत्रणा त्याने स्वतःच्या हाताने लिहिली होती, कारण तयार सेवा देणाऱ्या कंपन्यांवर विश्वास ठेवू नये, असं त्याचं मत होतं. ओळ सापडायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. कुणी बटण दाबलं की नोंद व्हायची, आभाराचं पान उघडायचं, सगळं यथासांग. फक्त यादीतून नाव काढणारी जी ओळ होती, ती त्याने सहा वर्षांपूर्वी चाचणी घेताना बंद करून ठेवली होती. शेजारी त्याच्याच शब्दांत लिहिलं होतं, 'नंतर चालू करणे.'

लोकांना ब्रह्मज्ञान सांगणाऱ्या कोरड्या पाषाणाची म्हण इथे घालणार नाही, कारण ती त्याने स्वतःच पत्रात इतरांसाठी इतक्यांदा वापरली होती की तिची धार गेली होती.

नोंदी मात्र सगळ्या शाबूत होत्या. चारशे बारांपैकी तीनशे एकाहत्तर जणांनी कधी ना कधी जायचं म्हटलं होतं. ऑफिसातल्या साहेबांनी सव्वीस वेळा. एका माणसाने एकाच दुपारी चाळीस वेळा, बिचारा. बुवा एकेक नाव वाचत वर सरकत गेला आणि अगदी पहिल्या वर्षात, तिसऱ्याच सोमवारी त्याला बायकोचा पत्ता दिसला. तिने एकदाच दाबलं होतं.

त्याला लाज वाटली, आणि लाजेबद्दल त्याच्यापाशी एकही मत तयार नव्हतं. मग त्याने ती ओळ चालू केली आणि माफीचं पत्र लिहिलं. आता पंचाईत अशी, की ज्यांना याची पत्रं नको होती त्यांची माफी मागायलाही एक पत्र पाठवावंच लागणार. पाठवलं, आणि मग तीनशे एकाहत्तर नावं काढून टाकली. तासाभरात तीन उत्तरं आली. एकात लिहिलं होतं, 'सुटलो.' दुसऱ्यात, 'माफी वाचली नाही, पण आभार.' तिसरं साहेबांचं, नुसता अंगठा.

संध्याकाळी बायको आली. चप्पल काढली, हात धुतले.

"आलं तुझं पत्र लॅबमध्ये," ती म्हणाली. "गालाला काय झालं?"

"दाढ. वाचलंस?"

"हे वाचलं."

"तू तिसऱ्याच आठवड्यात बटण दाबलं होतंस," तो म्हणाला. बधिर गालामुळे शब्द तिरके पडत होते. "मला तोंडाने सांगायचं ना."

"सांगितलंच की. बटण कशाला असतं?" ती खुर्ची ओढून बसली. "जे जेवताना ऐकायचे तेच सोमवारी परत यायचं. म्हटलं, एकदा पुरे. तर पुढच्या सोमवारी पुन्हा आलं. मला वाटलं, तू पाहिलंस आणि तरी पाठवतोयस."

"सहा वर्षं तुला असं वाटत होतं?"

"हो. मग म्हटलं, याला काही सांगून उपयोग नाही."

हे ती भांडल्यासारखं बोलली असती तर त्याला उत्तर देता आलं असतं. ती साधं बोलली.

बुवाच्या जिभेवर तीन मुद्दे होते, पहिला तर फारच बिनतोड. तो त्याने गिळला. "शुक्रवारचा राजीनामा," तो म्हणाला. "तुला काय वाटतं?"

तिने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं, हा खरंच विचारतोय की बोलायला जागा करून घेतोय ते बघत.

"मला भीती वाटते," ती म्हणाली. "दोन महिने झाले. बाटल्यांवर नावं चिकटवताना दोनदोनदा बघते, चूक होईल म्हणून. तू मला विचारलंच नाहीस. सांगितलंस."

"तू बरं म्हणालीस."

"अरे, मी ताटं उचलत होते."

बाहेर कुणीतरी गाडी लावत होतं, मागे घेताना तिचं टुंग टुंग चाललं होतं. बुवा खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला.

"अजून सांग," तो म्हणाला.

तिने सांगितलं. त्यातलं निम्मं राजीनाम्याबद्दल नव्हतंच. शुक्रवारी बुवा रिकाम्या हाताने ऑफिसला गेला, बुटांची खिडकी पुरी केली आणि वेळेवर घरी आला, कारण तिचं सांगून अजून संपलं नव्हतं.