ब्रेकचे रबर

चंदरच्या टपरीपुढे एक जादा सायकल उभी असायची. तिला तो 'बदली' म्हणायचा. आपली सायकल दुरुस्तीला टाकली की तो बदली हातात द्यायचा, म्हणजे माणसाचा रोज बुडत नसे. डहाणूच्या बाजारात असं कुणाला मागून बघा. चार दिवसांनी या म्हणतील, आणि तुम्ही जा चालत. चंदरचं दुकान म्हणजे कोसबाडच्या उताराखाली चार पत्रे, एक पंप आणि पंक्चर बघायला पाण्याचं घमेलं. पण चिकूच्या वाड्यांवर कामाला जाणारे आम्ही सगळे त्याच्याच जिवावर फिरत होतो.

आणि आम्ही काय केलं? बदलीला ओरबाडलं. पांड्याने तिची घंटी काढून आपल्या सायकलला लावली. रूपेशने तिचा मागचा टायर घेतला आणि आपला गुळगुळीत झालेला तिला चढवला. चिमणने तर सीटसुद्धा सोडली नाही. चंदर बदली परत घेताना तपासायचा नाही. "आपल्याच माणसानं नेली, तिला काय बघायचं?" म्हणायचा. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असं म्हणून आम्ही ताडी पिताना हसायचो. कुत्री आम्हीच, हे मात्र कुणी म्हणत नव्हतं.

माझी पाळी २०१८ साली आली. पुढचं चाक वाकलं म्हणून ते काढून मी चंदरकडे टाकलं. सायकल घरीच होती.

"ब्रेकचे रबर पण घासलेत रे," मी म्हटलं.

"आता कापलेले नाय. परवा ये चैत्या, लावून देतो."

बाजारातले रबर चंदर वापरत नसे. ते या उतारावर महिनाभरात दगड होतात, म्हणायचा. ट्रकच्या जुन्या टायरमधून तो स्वतः रबर कापायचा आणि पाणी निघून जावं म्हणून प्रत्येकावर सुरीने तिरकी खाच पाडायचा. मी बदली घेऊन घरी आलो. तिचे चारही रबर तसेच खाचवाले, करकरीत. मला दोन दिवस दम निघाला नाही. पाना घेतला, ते चारही माझ्या सायकलला लावले आणि माझे घासलेले तिला. दुसऱ्या दिवशी बदली परत दिली, चाक घेतलं आणि घरी आलो. मनात म्हटलं, मिस्त्रीच तो, त्याला दिसेलच, दोन मिनिटांत नवे घालेल. सांगायला तोंड होतं मला. सांगितलं नाही.

चंदरची पोरगी सुनिता पोलीस भरतीची तयारी करत होती. आमच्या पाड्यात तिच्याएवढं पळणारं कुणीच नव्हतं, पोरंसुद्धा नाहीत. मैदानी चाचणी तीन आठवड्यांवर आली होती. रोज पहाटे टपरीतली बदली घेऊन ती टेकडीवरच्या मैदानात सरावाला जायची. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. रोज वाडीवर जाताना मला ती उतरताना भेटायची.

मी बदली परत दिल्यावर तिसऱ्या दिवशी ती उतारावरून आली ती थांबलीच नाही. पाड्यातली भिकी लाकडं घेऊन येत होती, तिने पाहिलं. पोरगी दोन्ही हातांनी ब्रेक दाबत होती आणि चपला रस्त्याला घासत होती. मोरीच्या कठड्यावर आदळली. पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं, आत सळी घालावी लागली. चाचणीच्या दिवशी ती खाटेवर होती. पुढे पाय जुळला, पण लंगडत. आता ती फुग्यांच्या कारखान्यात बसून काम करते.

पाड्यातले सगळे म्हणाले, नशीब. मीही म्हणालो, आणि सगळ्यांत मोठ्याने म्हणालो.

ते रबर मला काढून फेकता आले असते. पण उतार मलाही उतरायचा होता. फक्त चंदरकडे जायचं मी टाळलं. शेवटी पावसाळ्याच्या तोंडावर चेन तुटली आणि जावंच लागलं. टपरीपुढे बदली नव्हती. सुनिता बाकावर पाय लांब करून बसली होती.

"या चैत्याकाका," ती म्हणाली.

चंदरने चेन जोडली, पॅडल फिरवलं आणि ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं. तो वाकला. त्याचा अंगठा त्या खाचेवरून एकदा गेला, मग दुसऱ्या रबरावरून, मग मागच्या दोन्हींवरून. त्याने पान्याने माझं डोकं फोडलं असतं तर बरं झालं असतं.

त्याने पोरीकडे पाहिलं. मग पुढचा एक रबर थोडा सैल होता, तो नीट आवळून दिला.

"अजून वर्षभर जातील," तो हळू म्हणाला, पोरीला ऐकू जाऊ नये इतकं. "निवांत उतर."

त्याने कुणालाच काही सांगितलं नाही, पोरीलाही नाही. ती अजून मला काका म्हणते.

उतार आला की मी खाली उतरतो आणि सायकल हातात धरून चालत येतो. पांड्या हसतो, ब्रेक नाहीत का म्हणून विचारतो. ब्रेक चांगले आहेत, मी सांगतो.