मधला आकडा

ज्या वर्षी माझ्या धाकटीला जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षी आमच्या घरात नवरा-बायकोत एका आकड्यावरून अबोला झाला.

माझा थोरला मुलगा आणि सूनबाई एकाच कामावर. आकडेमोडीची एक लायब्ररी असते, म्हणजे तयार हिशेबांचा संच. जगभरचे लोक तो आपापल्या कॉम्प्युटरवर घेऊन वापरतात. तो उभा केला या दोघांच्या सरांनी. त्यातला मोठा भाग थोरल्याने तरुणपणी लिहिला. सर थकले तेव्हा दुरुस्त्यांचं काम त्यांनी सूनबाईकडे सोपवलं. त्या वर्षीच्या अपडेटमध्ये नवीन काहीच नव्हतं, नुसत्या दुरुस्त्या. आणि तिची प्रत्येक दुरुस्ती म्हणजे बहुतेक त्याचीच जुनी चूक.

त्यात सरांचा रविवारचा फोन. पूर्वी तो थोरल्यासाठी असे. आता सर पहिल्या वाक्यालाच विचारत, सूनबाई आहे का. हा फोन तिच्या हातात द्यायचा आणि स्वयंपाकघरात येऊन उगीच भांडी आवरायचा. कान मात्र बाहेर. ती हसली की याच्या हातून झाकण पडलंच.

शेवटी एकच दुरुस्ती उरली. एकाने केलेली दुरुस्ती दुसऱ्याने तपासून मंजूर केल्याशिवाय आत जात नाही, असा त्यांचा नियम. ही तपासायची होती थोरल्याने, कारण मूळ काम त्याचं. तो रोज म्हणे, बघतो. सगळं अपडेट त्याच्यापायी अडून बसलं.

मी सूनबाईला विचारलं, एवढं आहे तरी काय त्यात. साठी उलटल्यावर मला अक्षरं तिनेच शिकवली, त्यामुळे समजावून सांगायचा तिला कंटाळा नाही. म्हणाली, मधला आकडा शोधायला सांगितलं की ते आधी सगळे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावून घेतं आणि तसेच सोडून देतं. वापरणाऱ्याचा मूळ क्रम गेला.

"आई, तुमचा मुलगा एका शर्टासाठी अख्खं कपाट उपसतो ना, तसंच."

थोरल्याने ते ऐकलं. ज्याला क्रम हवा त्याने आधी प्रत काढून ठेवावी, एवढं म्हणाला. तिथून अबोला.

मग सरांना दवाखान्यात ठेवलं. त्यांची मुलगी रोजचं ब्लडप्रेशर कळवायची. थोरल्याने ते आकडे कॉम्प्युटरवर घातले, मधला आकडा काढला, मग आलेख काढला. रेघ चढतच गेलेली. त्याचा चेहरा उतरला. त्याने तडक सरांनाच फोन लावला आणि डॉक्टरांना बोलवा म्हणून गयावया करू लागला. घाईत स्पीकर चालू राहिला होता, म्हणून उत्तर आम्हीही ऐकलं.

"अरे शहाण्या, चढत नाहीये, उतरतंय. आधी मधला आकडा काढलास ना?"

थोरल्याने आलेख पुन्हा जवळ ओढून पाहिला.

"सूनबाईला दे फोन."

त्याने दिला. ती बोलत होती तोवर तो तिच्याच खुर्चीत बसला, दुरुस्ती ओळ न् ओळ वाचली आणि मंजूर केली. अपडेट त्याच दिवशी बाहेर पडलं. बोलणंही सुरू झालं.

सर घरी आल्यावर त्यांचा शेवटचा फोन आला तोही तिलाच. काय म्हणाले, असं त्याने जेवताना विचारलं, आणि ताटं उचलताना पुन्हा विचारलं. तुझीच चौकशी करत होते, ती म्हणाली. त्याला ते खरं वाटलं नाही.

सर त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अकरा तारखेला वारले.